रुईवरचे प्लेन टायगर आणि अमेरिकेतले मोनार्क: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील मोकळ्या भूखंडांवर, रेल्वेरुळांच्या कडेने आणि रिंग रोडच्या दुतर्फा आपोआप वाढलेल्या रुईभोवती जे तांबूस-नारिंगी फुलपाखरू संथपणे घिरट्या घालताना दिसते, ते प्लेन टायगर होय. पावसाळा सरला की त्याची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात आणि त्यांच्याखाली ‘मोनार्क’ असे नाव हमखास लिहिलेले असते. ही गल्लत अगदीच निराधार नाही, कारण दोन्ही फुलपाखरे जवळच्या नात्यातली आहेत. मात्र एक मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत हजारो किलोमीटर उडत जाते आणि दुसरे बाराही महिने आपल्या आसपास राहते. हा फरक कुठून आला, याभोवतीच बहुतेकांचे प्रश्न फिरत असतात.

नागपुरात मोनार्क दिसते का?

नाही. मोनार्क हे मुळात अमेरिका खंडातील फुलपाखरू आहे. एकोणिसाव्या शतकात ते पॅसिफिक महासागरातील बेटे ओलांडून न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पसरले, अटलांटिकच्या बाजूने कॅनरी बेटांवर आणि पुढे दक्षिण स्पेनमध्येही स्थिरावले; मात्र विदर्भातच काय, भारताच्या मुख्य भूमीवर कुठेही त्याची वस्ती नाही. त्यामुळे अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात, गोरेवाड्यात किंवा सेमिनरी हिल्सवर टिपलेल्या छायाचित्राला एखाद्या ॲपने ‘मोनार्क’ म्हटले, तर ॲपची चूक झाली आहे असे खुशाल समजावे. असे फुलपाखरू बहुतेक वेळा प्लेन टायगर असते, आणि पंखांवरील शिरा काळ्याभोर असतील तर स्ट्राइप्ड टायगर.

मग ही दोघे एकमेकांची कोण लागतात?

चुलत भावंडे म्हणण्यास हरकत नाही. दोघांची प्रजाती (जीनस) ‘डॅनॉस’ हीच आहे. मोनार्कचे शास्त्रीय नाव डॅनॉस प्लेक्झिपस आणि प्लेन टायगरचे डॅनॉस क्रिसिपस. दोन्ही नावांचे मूळ स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये केलेल्या नोंदींत आहे. नुसत्या रंगसाम्यापेक्षा त्यांच्यातील अधिक महत्त्वाचे साम्य अन्नाचे आहे. दोघांच्याही अळ्या रुईच्या कुळातील, म्हणजे पान तोडताच पांढरा चीक गाळणाऱ्या वनस्पतींवरच वाढतात. मोनार्कची अळी उत्तर अमेरिकेतील मिल्कवीड खाते, तर प्लेन टायगरची अळी आपल्याकडील रुई, मांदार, उतरण आणि बागांमध्ये शोभेसाठी लावलेले हळदीकुंकू खाते.

दोघांना वेगळे कसे ओळखावे?

सर्वांत आधी शिरा पाहाव्यात. मोनार्कच्या नारिंगी पंखांवर जाड काळ्या शिरांची जाळी असते आणि पंखांच्या काळ्या किनारीत पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन ओळी असतात. प्लेन टायगरच्या पंखांवर अशी जाळी नसते. त्याचा तांबूस रंग एकसंध असतो, पुढच्या पंखाचे टोक काळे असते, त्या काळ्यात पांढरा तिरपा पट्टा असतो आणि मागच्या पंखाच्या मधोमध मोजके काळे ठिपके असतात. आकारातही फरक आहे. पंख पसरल्यावर मोनार्क साधारण ९ ते १० सेंटीमीटर भरते, तर प्लेन टायगर ७ ते ८ सेंटीमीटर.

नागपुरात खरी पंचाईत होते ती स्ट्राइप्ड टायगरमुळे. त्याच्याही शिरा काळ्या असतात, त्यामुळे परदेशी पुस्तकातील मोनार्कचे चित्र शेजारी ठेवले की अनुभवी माणूससुद्धा क्षणभर थबकतो. अशा वेळी पुढच्या पंखाच्या टोकाकडे पाहावे: स्ट्राइप्ड टायगरच्या टोकाशी ठळक, सलग पांढरा पट्टा असतो, तर मोनार्कच्या टोकाशी फिकट नारिंगी आणि पांढरे सुटे ठिपके असतात.

नर आणि मादी यांच्यात फरक दिसतो का?

दिसतो. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधल्या भागात मादीला तीन काळे ठिपके असतात आणि नराला चार; त्यांतील जास्तीचा ठिपका ही प्रत्यक्षात गंधद्रव्याची छोटी पिशवी असते. मोनार्क नराच्याही मागच्या पंखातील एका शिरेवर असा काळा ठिपका असतो, पण त्याचा उपयोग जवळजवळ संपला आहे. प्लेन टायगर नर मादीला वश करण्यासाठी गंधावर अवलंबून असतो आणि त्या गंधाचा कच्चा माल मिळवण्यासाठी भुरुंडी व खुळखुळा यांसारख्या झाडांच्या वाळलेल्या किंवा दुखावलेल्या भागांवर गर्दी करून त्यांतील अल्कलॉइड नावाची द्रव्ये शोषून घेतो. मोनार्क नर या नजाकतीच्या भानगडीत फारसा पडत नाही. तो मादीला उडता उडता धरून जमिनीवर आणतो.

अळीवरून ओळख पटते का?

फुलपाखरापेक्षा अळीवरून ती अधिक निश्चित पटते. दोघांच्या अळ्यांवर काळे, पांढरे आणि पिवळे आडवे पट्टे असतात, परंतु अंगावर उभ्या असणाऱ्या मऊ काळ्या शेंड्या मोजाव्यात. मोनार्कच्या अळीला त्यांच्या दोन जोड्या असतात, एक डोक्याकडे आणि एक शेपटाकडे. प्लेन टायगरच्या अळीला तीन जोड्या असतात, कारण शरीराच्या मध्यभागाजवळ आणखी एक जोडी असते. कोष दोघांचेही हिरवट असतात आणि त्यांच्यावर सोनेरी ठिपके चमकतात. प्लेन टायगरचा कोष कधीकधी फिकट गुलाबीही असतो.

रुईचा चीक विषारी असताना अळी तो पचवते कशी?

या चिकात कार्डेनोलाइड नावाची द्रव्ये असतात. पेशींच्या आवरणात सोडियम आणि पोटॅशियम यांची ने-आण करणारा एक प्रथिनांचा पंप असतो. ही द्रव्ये त्या पंपाला चिकटून तो बंद पाडतात, आणि पंप बंद पडला की हृदय व मज्जासंस्था यांचे काम बिघडते. मोनार्कच्या शरीरात या पंपाच्या रचनेत अगदी मोजके बदल झालेले आहेत, त्यामुळे विष त्याला नीट चिकटू शकत नाही. फळांवर बसणाऱ्या चिलटांच्या जनुकांत हेच तीन बदल मुद्दाम घडवून आणल्यावर ती चिलटेही विषाला दाद देईनाशी झाली, हे २०१९ मध्ये प्रयोगाने दाखवण्यात आले.

विष पचले म्हणून सगळे प्रश्न सुटत नाहीत, कारण चीक चिकटही असतो. नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली अळी त्यात अडकून मरते, आणि मोनार्कच्या बाबतीत असे बालमृत्यू मोठ्या प्रमाणावर होतात. त्यावर उपाय म्हणून लहान अळी पानावर आधी गोलाकार चर कोरते आणि चिकाचा पुरवठा तुटलेला मधला भाग खाते. मोठी झालेली अळी पानाची मधली शीर किंवा देठच कुरतडून ठेवते. झाडाची नळी आधी बंद करून मग जेवायला बसण्याची ही पद्धत पाहण्यासारखी असते. रुईचे एखादे पान विनाकारण मान टाकून लोंबताना दिसले, तर त्याच्या मागच्या बाजूला जरूर पाहावे.

पक्षी यांना खरेच खात नाहीत का?

खाऊन पाहतात आणि मग पस्तावतात. लिंकन ब्रॉवर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मोनार्कची चव कधीच न घेतलेल्या ब्लू जे पक्ष्यांना ही फुलपाखरे खाऊ घातली. पक्ष्यांना ओकाऱ्या झाल्या आणि त्यानंतर त्यांनी नुसत्या दर्शनानेही मोनार्क टाळले. मात्र प्रत्येक मोनार्क सारखेच विषारी नसते. अळीने कोणत्या मिल्कवीडची पाने खाल्ली, यावर विषाची मात्रा ठरते, आणि काही मिल्कवीड त्या बाबतीत अगदी सौम्य असतात. प्लेन टायगरच्या बाबतीतही विषाची मात्रा कमीजास्त आढळते. त्याचे दुसरे संरक्षण म्हणजे चिवट, चामड्यासारखे अंग. पक्ष्याने एकदा चोच मारून सोडून दिले तरी ते बहुधा जगते, आणि पकडले गेल्यास मेल्याचे सोंगही घेते.

तरीही हे कवच अभेद्य नाही. मेक्सिकोतील हिवाळी मुक्कामाच्या जागी ब्लॅक-बॅक्ड ओरिओल आणि ब्लॅक-हेडेड ग्रॉसबीक हे दोन पक्षी मोनार्क मोठ्या संख्येने खातात. दोघांच्याही अळ्यांना परजीवी टॅकिनिड माश्यांकडून फार मोठा उपद्रव होतो, आणि त्या माश्यांना चिकाचे विष आडवे येत नाही.

यांची नक्कल करणारी फुलपाखरेही असतात म्हणे?

असतात, आणि नागपुरात ती सहज पाहता येतात. डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, जणू विषारी शेजाऱ्याच्या दहशतीवर ती स्वतःचे रक्षण करते. तिचा नर मात्र काळा असून त्याच्या पंखांवर जांभळट कडा असलेले मोठे पांढरे ठिपके असतात, त्यामुळे नवख्या माणसाला हे जोडपे दोन वेगळ्या जातींचे वाटते. या मादीची अंडी घोळीसारख्या वनस्पतींवर सापडतात, म्हणजे जी घोळ आपल्याकडे भाजी म्हणून खाल्ली जाते तीच. फसगत टाळायची असल्यास मागच्या पंखाच्या मधोमध पाहावे: प्लेन टायगरला तेथे तीन-चार ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेजवळ एकच.

मोनार्कसारखे दिसणारे फुलपाखरू म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्हाइसरॉय. व्हाइसरॉय निरुपद्रवी असून केवळ मोनार्कचा वेश घेतो, असे जवळजवळ शतकभर पाठ्यपुस्तकांतून शिकवले गेले. १९९१ मध्ये रिटलँड आणि ब्रॉवर या शास्त्रज्ञांनी व्हाइसरॉयचीही चव पक्ष्यांना नकोशी असते हे दाखवून दिले. म्हणजे तेथे ढोंगी कोणीच नाही. दोन बेचव फुलपाखरांनी एकच इशाऱ्याचा पोशाख वाटून घेतला आहे. जुन्या मराठी पुस्तकांमध्ये आणि शालेय प्रकल्पांमध्ये पहिलीच हकिगत अजून छापली जाते, ती दुरुस्त करून घ्यावी.

मोनार्क इतके दूर का जाते आणि प्लेन टायगर का जात नाही?

दोघांमधील मुख्य फरक हाच आहे, आणि त्याचे बरेचसे उत्तर फुलपाखरांपेक्षा झाडांमध्ये दडलेले आहे.

उत्तर अमेरिकेतील मिल्कवीड थंडीत जमिनीलगत मरून जाते. कॅनडाच्या दक्षिण भागात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात अळीला खायला पान नसते, आणि तेथील गोठवणारी थंडी मोनार्कला कोणत्याही अवस्थेत सोसत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडू लागल्या आणि मिल्कवीडची पाने जून झाली की जन्मणारी पिढी वेगळीच निघते. उन्हाळ्यातील पिढ्यांचे प्रौढ फुलपाखरू दोन ते सहा आठवडे जगते; या पिढीचे आठ-नऊ महिने जगते. तिची प्रजनन-इंद्रिये विकसित होण्याचे थांबतात, ती फुलांतील मधुरस चरबीच्या रूपाने साठवते आणि दक्षिणेकडे निघते. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील मोनार्क अशा प्रकारे चार हजार किलोमीटरपर्यंतचे अंतर कापून मध्य मेक्सिकोत, मिचोआकान आणि मेक्सिको या राज्यांतील डोंगरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवरील ओयामेल फर वृक्षांच्या जंगलात पोहोचतात. पश्चिमेकडील मोनार्क त्यामानाने जवळ, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हिवाळा काढतात.

ओयामेलची जागाही विचारपूर्वक निवडल्यासारखी असते. तेथे थंडी इतकी असते की फुलपाखरांची चरबी लवकर जळून संपत नाही, पण दाट झाडांच्या छत्रामुळे ती गोठूनही मरत नाहीत. मार्चच्या मध्यापासून ती परत उत्तरेकडे निघतात, टेक्सासच्या आसपास नव्या मिल्कवीडवर अंडी घालतात आणि मरतात. पुढचा प्रवास त्यांची मुले, नातवंडे आणि पतवंडे टप्प्याटप्प्याने पूर्ण करतात. त्यामुळे पुढच्या शरद ऋतूत मेक्सिकोकडे निघणाऱ्या फुलपाखराने ती जागा कधी पाहिलेली नसते, आणि त्याच्या आईनेही नसते.

आता नागपूरकडे पाहू. आपल्याकडे थंडी पडते, पण रुई मरण्याइतकी नाही. उलट उन्हाळ्यात, नवतपाच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आजूबाजूचे गवत वाळून जाते, तेव्हाही रुईची जाड, मेणचट पाने हिरवी राहतात. ज्याच्या अळीला बाराही महिने ताट वाढलेले आहे, त्याने खंड ओलांडण्याचे कारण उरत नाही. म्हणून प्लेन टायगर वर्षभर पिढ्यांमागून पिढ्या वाढवत राहते. उष्ण हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास तीन-चार आठवड्यांत आटोपतो. स्थानिक हालचाल ते करते, पाऊस आणि कोरडेपणा यांनुसार त्याची संख्या एका भागात घटते आणि दुसऱ्या भागात वाढते, आणि पूर्व आफ्रिकेत हंगामी स्थलांतरासारख्या हालचाली होतातही. पण मोनार्कसारखा एकाच ठिकाणी जमणारा आणि परतणारा प्रवास तो नव्हे.

या स्पष्टीकरणाची पडताळणी मोनार्ककडूनच होते. जेथे मिल्कवीड वर्षभर हिरवे राहते, अशा हवाई बेटांवर किंवा फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला स्थायिक झालेले मोनार्क स्थलांतर करीत नाहीत. म्हणजे मोनार्कला नागपुरातील रुई मिळाली असती, तर कदाचित तेही येथेच ठाण मांडून बसले असते.

मेक्सिकोतील या जागेचा शोध कधी लागला?

बाहेरच्या जगाला तो जानेवारी १९७५ मध्ये लागला. कॅनडातील प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा अनेक दशके फुलपाखरांच्या पंखांवर कागदी चिठ्ठ्या चिकटवून त्यांचा माग काढत होते. त्यांच्यासाठी शोध घेणारे केनेथ ब्रगर आणि काटालिना आग्वादो यांना सेरो पेलोन या डोंगरावर झाडांच्या फांद्या वाकवणारे लक्षावधी मोनार्क सापडले. पुढच्या वर्षी अर्कहार्ट स्वतः तेथे गेले, तेव्हा मिनेसोटात चिठ्ठी लावलेले फुलपाखरू त्यांच्या हाती लागले आणि दोन टोकांची जोडणी पक्की झाली. ऑगस्ट १९७६ च्या नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने ही हकिगत जगापुढे आणली.

‘शोध’ हा शब्द येथे थोडा जपून वापरावा लागतो. त्या डोंगरांच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांना ही फुलपाखरे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या सणाच्या सुमारास ती येतात, म्हणून घरी परतणारे पूर्वजांचे आत्मे अशीही त्यांच्याकडे पाहण्याची तेथे रीत आहे. भाद्रपदात कावळ्यासाठी घास ठेवणाऱ्या आपल्या लोकांना ही भावना समजावून सांगावी लागू नये.

त्यांना वाट कोण दाखवते?

मुख्यतः सूर्य. पण सूर्य दिवसभर जागा बदलतो, त्यामुळे दक्षिण दिशा धरून ठेवण्यासाठी वेळेचे भान असावे लागते. मोनार्कचे हे घड्याळ मिशांमध्ये असते, असे २००९ मधील प्रयोगांत आढळले: मिशा काढल्या किंवा काळ्या रंगाने झाकल्या की फुलपाखराची दिशा चुकते. ढगाळ हवेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचाही त्यांना आधार मिळतो. मोनार्कचा संपूर्ण जनुकसंच २०११ मध्ये वाचला गेला.

मग प्लेन टायगर हे सामान्यच फुलपाखरू म्हणायचे का?

मुळीच नाही, आणि या दोघांच्या तुलनेत त्याच्यावर नेहमी अन्याय होतो. मोनार्कच्या प्रवासाचे कौतुक जगभर होते. प्लेन टायगरची कथा मात्र बरीच गुंतागुंतीची असूनही फार थोड्यांच्या कानावर गेली आहे.

एक तर माणसाने चितारलेल्या सर्वांत जुन्या फुलपाखरांमध्ये त्याची गणना होते. इजिप्तमधील थीब्ज येथे, इसवी सनापूर्वी सुमारे १३५० मधील नेबामून नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातील भित्तिचित्रात पाणथळीवरील शिकारीच्या दृश्यात प्लेन टायगर स्पष्ट ओळखता येते. हे चित्र आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

दुसरे म्हणजे आफ्रिकेत त्याची अनेक रूपे आहेत. काहींच्या पुढच्या पंखाचे काळे टोकच नाहीसे झालेले असते, काहींचा मागचा पंख पांढरा असतो. ही रूपे पूर्व आफ्रिकेत, नैरोबीच्या परिसरात एकमेकांना भेटतात, आणि तेथे एक विलक्षण प्रकार घडतो. स्पायरोप्लाझ्मा नावाचा जीवाणू मादीकडून अंड्यांत उतरतो आणि नर-भ्रूण मारून टाकतो, त्यामुळे काही माद्यांना केवळ मुलीच होतात. या माद्यांमध्ये पंखांचा रंग ठरवणारे गुणसूत्र मादीच्या लिंग-गुणसूत्राला जोडले गेल्याचे अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून दिसले आहे. रंग, लिंग आणि रोग अशी तीन प्रकरणे एकाच धाग्यात गुंफली गेली आहेत. आपल्या रुईवरच्या फुलपाखराच्या नात्यागोत्यात इतके काही चालले आहे, हे ठाऊक झाल्यावर त्याच्याकडे ‘नेहमीचेच’ म्हणून पाहणे कठीण जाते.

ही दोन्ही फुलपाखरे एकत्र कुठे पाहता येतील?

कॅनरी बेटांवर आणि दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावर. एकाच बागेत, कधी एकाच हळदीकुंकवाच्या झाडावर दोघांच्या अळ्या सापडू शकतात, आणि शेंड्यांच्या जोड्या मोजण्याची कसोटी तेथे खरी कामाला येते.

मोनार्क संकटात आहे, ते कशामुळे?

लक्षावधी फुलपाखरे एकेक करून मोजता येत नाहीत, म्हणून मेक्सिकोत त्यांनी व्यापलेल्या जंगलाचे क्षेत्र मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते सुमारे १८ हेक्टर होते. २०१३-१४ मध्ये ते ०.६७ हेक्टरवर आले, २०२३-२४ मध्ये ०.९० हेक्टर होते आणि पुढच्या हिवाळ्यात १.७९ हेक्टरपर्यंत सावरले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर २०२० च्या गणनेत दोन हजार फुलपाखरेसुद्धा भरली नव्हती.

कारणे एकाहून अधिक आहेत. अमेरिकेच्या मध्य पट्ट्यातील मका आणि सोयाबीनच्या शेतांत, ओळींच्या मधून मिल्कवीड वाढत असे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तणनाशक सहन करणारी वाणे आली, शेते सरसकट फवारली जाऊ लागली आणि ते मिल्कवीड नाहीसे झाले. सोयाबीन विदर्भालाही परके नसल्याने हा मुद्दा येथील वाचकाला लगेच उमगावा. त्यात मेक्सिकोतील वृक्षतोड आणि लहरी हवामान यांची भर पडली. जानेवारी २००२ मधील एकाच वादळात हिवाळी वस्तीतील फुलपाखरांचे प्रचंड थर झाडांखाली मरून पडले होते. ओयामेलच्या जंगलातील राखीव क्षेत्राला २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला आहे. स्थलांतर करणाऱ्या मोनार्कला २०२२ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने ‘संकटग्रस्त’ ठरवले आणि २०२३ मध्ये तो दर्जा एक पायरी सौम्य केला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव विभागाने त्याला कायद्याचे संरक्षण देण्याचा प्रस्ताव मांडला. कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको या तीन देशांपैकी एकाही देशात साखळी तुटली तरी बाकी दोघांचे प्रयत्न वाया जातात, ही त्यातली खरी अडचण आहे.

प्लेन टायगरलाही असा धोका आहे का?

तूर्त नाही. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत ते विपुल आहे. गमतीचा भाग असा की आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत त्याची नक्कल करणारे डॅनेड एगफ्लाय दीर्घकाळ समाविष्ट होते, पण ज्याची नक्कल होते त्या प्लेन टायगरला तेथे जागा नव्हती. विपुल आहे म्हणून ते सर्वत्र असेलच असे मात्र नाही. ज्या वसाहतीत प्रत्येक मोकळा भूखंड ‘स्वच्छ’ करून त्यावर फरशी किंवा हिरवळ अंथरली जाते, तेथे रुई उरत नाही आणि रुईबरोबर तेही जाते.

आपले राज्य फुलपाखरू नीलवंत आहे; तुलना त्याच्याशी का करू नये?

नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू घोषित झाले, आणि असे फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. पण ते स्वॅलोटेल कुळातले आहे. त्याची मोनार्कशी तुलना केली, तर दोघांमधला कोणताही फरक नेमका कशामुळे पडला हे सांगता येणार नाही, कारण सगळेच वेगळे आहे. एकाच प्रजातीतील दोन जातींची तुलना केली की बऱ्याच गोष्टी समान राहतात आणि उरलेल्या फरकाचे कारण शोधता येते.

रुई वाढू दिली तर तिच्यावरच्या अळ्या संत्र्याच्या बागेत जातील का?

जाणार नाहीत. काटोल-नरखेडकडच्या बागायतदारांना संत्र्याची कोवळी पालवी फस्त करणारी जी अळी माहीत आहे, ती लाइम बटरफ्लायची, म्हणजे नीलवंताच्या गोतावळ्यातली. प्लेन टायगरची अळी चिकाच्या झाडांखेरीज काही खात नाही. संत्रा, कापूस किंवा तूर समोर असूनही ती उपाशी मरेल.

घरी रुई लावावी की हळदीकुंकू?

कुंडीत हळदीकुंकू सोयीचे असते, आणि त्यावर अंडी लवकर दिसतात. मोकळी जागा असल्यास रुई बरी. तिला पाणी घालावे लागत नाही. हळदीकुंकू लावू नये असा इशारा अमेरिकी संकेतस्थळांवर वाचायला मिळतो, त्याचे कारण तेथील आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत हे परके झाड हिवाळ्यातही हिरवे राहते, मोनार्क त्याच्यापाशी थांबून राहतात आणि पानांवर एका सूक्ष्म परजीवीचे बीजाणू साचत जातात. नागपुरात मुळातच वर्षभर हिरवी असणारी रुई आहे, त्यामुळे तो इशारा जसाच्या तसा येथे लागू करण्याचे कारण नाही. तरीही दर काही महिन्यांनी कुंडीतील झाड छाटावे. नवी पालवी अळ्यांनाही आवडते.

दोन्ही झाडांचा चीक डोळ्यांना अपायकारक आहे. डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होऊ शकते, तेव्हा भरपूर पाण्याने डोळा धुवून डॉक्टरांकडे जावे. शनिवारी मारुतीला माळ करण्यासाठी पाने तोडणाऱ्यांनीही हात धुण्याआधी डोळे चोळू नयेत, आणि माळेसाठी पान खुडण्यापूर्वी ते उलटून पाहावे: पांढरट, उभ्या रेघांचे, मोहरीपेक्षाही लहान असे एकेकटे अंडे चिकटलेले असेल तर ते पान झाडावर राहू द्यावे, दुसरे घ्यावे.

नागपुरात प्लेन टायगर कधी आणि कुठे पाहावे?

वर्षभर, पण पावसाळा संपल्यापासून डिसेंबरपर्यंत सर्वांत जास्त. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ चांगली. उन्हाळ्यात त्याहून लवकर जावे. अंबाझरी आणि गोरेवाडा ही ठिकाणे सर्वांना ठाऊक आहेत, परंतु या फुलपाखरासाठी तिकीट काढून कुठे जाण्याची आवश्यकता नाही. मिहानकडील मोकळी जमीन, हिंगणा रस्त्याच्या कडा किंवा आपल्याच गल्लीच्या टोकाचा न बांधलेला भूखंड पुरेसा आहे. प्रौढ फुलपाखरे एकदांडी आणि घाणेरीच्या फुलांवर बसलेली असतात. अंडी आणि अळ्या हव्या असल्यास रुईच्या कोवळ्या शेंड्याकडची पाने खालच्या बाजूने तपासावीत. नरांचा घोळका पाहायचा असल्यास खुळखुळ्याच्या वाळत आलेल्या झाडांपाशी थोडा वेळ थांबावे. तेथे प्लेन टायगरबरोबर स्ट्राइप्ड टायगर, ब्लू टायगर आणि कॉमन क्रोही जमलेले आढळतात.